एका चिठ्ठीवर एकच पाकीट

विश्व सपाट आहे की वाकडं, हे ठरवायला तिसऱ्या मजल्यावर सहा माणसं बसवली होती. चार वर्षं ती बसून होती. एवढ्या काळात खिडकीचा पडदा दोनदा धुतला गेला, चहाचं यंत्र तीनदा बिघडलं आणि एक कोटी चाळीस लाख दीर्घिकांची अंतरं मोजून झाली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव, आणि अशी गावं आकाशात मोजता मोजवणार नाहीत इतकी आहेत. तरी ही मंडळी मोजत होती.

त्यांच्यात सगळ्यात जास्त मोजणाऱ्या बाईंना सगळे मोजणीबाईच म्हणत. त्यांचे वडील, अण्णा, जमिनीचे मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. बापाने जमीन मोजली, लेक आभाळ मोजते, मधल्या हवेचं काय ते पुढची पिढी बघेल, असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि वर गंभीर चेहरा करून बसत.

आभाळ मोजायची पद्धत ऐकायला सोपी आहे. दीर्घिका कशाही विखुरलेल्या दिसल्या तरी त्यांच्यात एक ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा सापडतं, साधारण पन्नास कोटी प्रकाशवर्षांचं. विश्व तान्हं असताना त्यात लाटा उठल्या होत्या, त्यांची ती खूण. म्हणजे आकाशभर एकाच मापाच्या पट्ट्या आयत्या टाकून ठेवलेल्या आहेत. लांबची पट्टी केवढी दिसते ते बघायचं. जेवढी दिसायला हवी तेवढीच दिसली तर विश्व कागदासारखं सपाट, मोठी दिसली तर चेंडूसारखं बाक असलेलं, आणि लहान दिसली तर घोड्याच्या खोगिरासारखं.

अडचण पट्टीत नव्हती, माणसात होती. हवं ते उत्तर आलं की माणूस चूक शोधायचा थांबतो, आणि नको ते आलं की चूक सापडेपर्यंत शोधत राहतो. म्हणून या धंद्यात एक रिवाज आहे. काम सुरू करण्याआधी सगळी अंतरं एका गुप्त आकड्याने किंचित सरकवून ठेवायची. मग वर्षानुवर्षं त्या सरकवलेल्या विश्वावर राबायचं, झाडून सगळ्या चाचण्या घ्यायच्या, आणि सगळ्यांचं समाधान झालं की अगदी शेवटी तो आकडा बाहेर काढून विश्व परत जागेवर आणायचं. तोवर खरं उत्तर कोणालाच ठाऊक नाही. आपल्याच हाताने डोळे बांधून आंधळी कोशिंबीर खेळायची आणि तिला शास्त्र म्हणायचं, असं अण्णा म्हणत. पण या रिवाजाबद्दल त्यांना मनातून आदर होता.

आकडा गणकयंत्राने निवडलेला, कोणीही न बघता पाकिटात, पाकीट लाखेने बंद, आणि पाकीट तळमजल्यावरच्या वाचनालयात ग्रंथपालबाईंच्या ताब्यात. त्या इमारतीत विश्वाच्या आकाराशी काडीचं देणंघेणं नसलेल्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी पाकिटाची रीतसर नोंद केली, त्याला क्रमांक दिला आणि ते कुलूपबंद खणात ठेवून दिलं.

नियम मोजणीबाईंनी स्वतः लिहिला होता आणि तो चहाच्या यंत्रावर चिकटवलेला होता: पाकीट उघडल्यानंतर कोणीही कशालाही हात लावायचा नाही, जे येईल ते जसंच्या तसं जाहीर करायचं. खाली सहा सह्या होत्या. पहिली सही गटाचे प्रमुख, मोठे सर, यांची. सर वीस वर्षं विश्व सपाट आहे असं सांगत आले होते, आणि तेही आपल्या घराचा पत्ता सांगावा इतक्या शांतपणे. शेवटची सही कुलुपेकाकांची. कुलुपे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते सायकलीला दोन कुलुपं लावत आणि जेवणाच्या डब्याला एक. दुर्बिणीकडून आलेली अंतरं नीट लावून मोजणीबाईंच्या हाती सोपवणं हे त्यांचं काम. ते उरकून ते वर्षभरात निवृत्त झाले आणि गुलाब लावत बसले.

मोजणीबाईंना विश्व वाकडं हवं होतं. हे त्या फक्त अण्णांपाशी बोलल्या होत्या. सपाट निघालं असतं तर चार वर्षांच्या कामाचा सारांश 'पूर्वीप्रमाणेच' या एका शब्दात मावला असता. शिवाय चेंडूसारखं विश्व कुठेतरी वळून स्वतःपाशी परत येतं. मोजणीदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला, जिची हद्द जुळते अशा गोष्टीची ओढ असायचीच.

सोमवारी मोजणीबाई वाचनालयात गेल्या, चिठ्ठीवर 'पाकीट, एक' असं लिहिलं आणि पाकीट घेऊन वर आल्या. सगळ्यांदेखत लाख फोडली, आकडा यंत्रात घातला. यंत्र अकरा मिनिटं घरघरलं. मग पडद्यावर रेघ उमटली आणि विश्वाला बाक निघाला. चेंडूसारखा. नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता साडेतीन हजारांत एक.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाक होता तिथेच होता.

"छान," ते म्हणाले. "आता एकदा सगळं परत तपासू या."

मोजणीबाईंनी चहाच्या यंत्राकडे बोट केलं.

त्यानंतर दोन दिवस तिसऱ्या मजल्यावर नवल घडलं. वीस वर्षांत ज्यांना एकही शंका आली नव्हती त्या सरांना एकाच संध्याकाळी सतरा शंका आल्या. दुर्बिणीच्या आरशावर धूळ असेल. त्या वर्षी थंडी जरा जास्तच होती. दक्षिणेकडचा तो पट्टा आपल्याला पहिल्यापासून पटला नव्हता. शंका त्यांनी कागदावर ओळीने लिहून खिशात ठेवल्या. आणि चार वर्षं ज्यांनी स्वतःच्या सावलीचीही फेरतपासणी केली असती त्या मोजणीबाईंना एकही शंका येईना. कोणी काही काढलं की त्या नियमाचा कागद दाखवत. नियम शेवटी माणसांसाठीच असतात, असं सर एकदा मऊ आवाजात म्हणाले. सही तुमची पहिली आहे, असं मोजणीबाई त्याहून मऊ आवाजात म्हणाल्या. शुक्रवार ठरला. मोठं सभागृह, बाहेरचे पाहुणे, वार्ताहर, आणि व्यासपीठावर मोजणीबाई. त्यांच्या नावावर एक अख्खं विश्व लागणार होतं. आणि चूक निघाली तर तीही त्यांच्याच नावावर, जन्मभरासाठी.

त्या सोमवारीच रात्री जेवताना त्यांनी अण्णांना सगळं सांगितलं होतं. अण्णांनी शांतपणे घास चावून संपवला.

"म्हणजे तुला हवं होतं तेच आलं," ते म्हणाले.

"हवं होतं म्हणून आलं नाही. आलं म्हणून आलं."

"साखळी तपासलीस?"

हा अण्णांचा ठरलेला प्रश्न. त्यांच्या काळी जमीन लोखंडी साखळीने मोजत. वापरून वापरून कड्या ताणतात आणि साखळी नकळत लांब होते. म्हणून कचेरीच्या ओट्यावर दगडात दोन खुणा कोरलेल्या होत्या, आणि अण्णा रोज सकाळी साखळी त्या खुणांना लावून बघितल्याशिवाय पायरी उतरत नसत. जमीन कोणाची हेही ते मोजून होईपर्यंत विचारत नसत आणि मालकाचा चहासुद्धा घेत नसत. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे.

एकतीस चाचण्या झाल्या आहेत, मोजणीबाईंनी सांगितलं. सगळ्या पाकीट उघडायच्या आधीच्या ना, अण्णांनी विचारलं. हो. आणि उघडल्यावर? उघडल्यावर हात लावायचा नाही असा नियम आहे. तो कोणी केला? मी.

"मग चांगलाच असणार," असं म्हणून अण्णांनी मिठाकडे हात नेला.

बुधवारी वाचनालयातून चिठ्ठी आली: नेलेली वस्तू परत करावी. मोजणीबाई फुटलेल्या लाखेचं रिकामं पाकीट घेऊन खाली गेल्या. ग्रंथपालबाईंनी ते उजेडात धरलं, आतून बघितलं, नोंदवहीत रेघ मारली. मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर जाऊन थांबलं.

"आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"पाकीट. तुमच्या गटाच्या नावे दोन आहेत."

मोजणीबाईंनी वहीत वाकून बघितलं. दोन होती. सोमवारी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं तेव्हा ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सोमवारी तुम्ही एकाची चिठ्ठी भरलीत, त्या म्हणाल्या. एका चिठ्ठीवर एकच वस्तू. न मागितलेली वस्तू वाचकाच्या हातात कोंबणं हे वाचनालयाचं काम नव्हे. त्या तीस वर्षांत चुकल्या नव्हत्या आणि आताही चुकलेल्या नव्हत्या.

त्यांनी खण उघडून पाकीट दाखवलं, दिलं नाही. वर कुलुपेकाकांचं बारीक अक्षर होतं: 'पहिले उघडल्यावर उघडावे.' खाली तारीख. काकांनी अंतरं मोजणीबाईंच्या हवाली केली त्याच्या आदल्या दिवसाची.

मोजणीबाईंना उभ्याउभ्याच सगळं कळलं. सायकलीला दोन कुलुपं लावणाऱ्या माणसाने विश्वालाही दोन लावली होती. अंतरं हाती देण्याआधीच त्यांनी ती आपल्या एका गुप्त आकड्याने सरकवली होती. मग रिवाजाप्रमाणे बाईंनी पुन्हा सरकवली. विश्व दोनदा सरकलं आणि एकदाच जागेवर आलं. राहिलेला तो बाक विश्वाचा असेल, नाही तर कुलुपेकाकांचा.

"चिठ्ठी भरताय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"उद्या येते," मोजणीबाई म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजाचं त्यांना आश्चर्य वाटलं.

दुपारी त्यांनी कुलुपेकाकांना फोन लावला. आधी गुलाबांची चौकशी केली. मग आडून विचारलं, की मला आकडे देण्याआधी तुम्ही त्यांना काही केलं होतं का. असेल, काका म्हणाले. मी काय करतो ते मी कोणाला सांगत नाही. लक्षात राहिलं असेल ना पण, बाईंनी विचारलं. लक्षात ठेवलं तर ते गुप्त कसलं, असं म्हणून काका कलमांकडे वळले.

म्हणजे विचारणारं कोणी नव्हतं. ग्रंथपालबाई मागितल्याशिवाय बोलणार नव्हत्या, काका आठवणार नव्हते, आणि मोजणीबाईंपाशी त्यांनी स्वतः लिहिलेला नियम होता: पाकीट उघडल्यानंतर कोणीही कशालाही हात लावायचा नाही. इतका सोयीचा नियम आपण लिहिला होता हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा अण्णा कुंपणाच्या भिंतीपाशी स्टुलावर बसले होते. भिंत कमरेएवढी. भिंतीवर बुद्धिबळाचा पट, अलीकडे अण्णा आणि पलीकडे त्यांच्या स्टुलावर शेजारचे शिंपीकाका. खेळ रोज असायचा. अण्णांची चाल होती म्हणून शिंपीकाका चहा आणायला आत गेलेले.

मोजणीबाईंनी भिंतीला टेकून सगळं सांगितलं आणि शेवटी नियमावर आल्या. नियम म्हणजे नियम, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला.

अण्णांनी घोडा उचलला आणि हातातच ठेवला.

"ही भिंत वीतभर आपल्या जागेत आहे, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस," ते म्हणाले. "नाहीये. बरोबर आहे."

त्या घरात ही भिंत म्हणजे शिंप्याने वीतभर जागा खाल्ल्याचा उभा पुरावा होता. आई जाईपर्यंत तसंच म्हणायची.

अण्णांनी सांगितलं ते असं. भिंत बांधून झाली तेव्हा त्यांनी कचेरीतली साखळी घरी आणून आपली जागा मोजली. साखळी ताणलेली होती. ताणलेल्या साखळीने मोजलं की आकडा कमी भरतो. जागा वीतभर कमी भरली. "दुसऱ्यांच्या जमिनीसाठी रोज खुणांना लावून बघत होतो. त्या एका दिवशी नाही बघितली. का, माहीत आहे? वीतभर त्याने खाल्ली असं निघालं आणि मला ते आवडलं. मग अकरा वर्षं आम्ही बोललो नाही."

"आणि कळलं कधी?"

"महिन्याभरात."

"मग अकरा वर्षं?"

"सांगायला आठवडा उशीर झाला की पुढचा आठवडा आणखी जड जातो. शेवटी बुद्धिबळ सुरू केलं, तेही त्यानेच पट आणून ठेवला म्हणून. सांगितलं अजून नाही." घोडा त्यांनी होता तिथेच परत ठेवला. "तुझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे. माझ्यापेक्षा तुझं बरं आहे."

तेवढ्यात शिंपीकाका चहा घेऊन आले आणि अण्णांनी इतका वेळ घेऊन काहीच हलवलं नाही म्हणून त्यांची टर उडवू लागले.

गुरुवारी सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आधी मोजणीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठी भरली. मग, एकदा पोळल्यामुळे, विचारलं की आमच्या गटाच्या नावे अजून काही आहे का. ग्रंथपालबाईंनी वही चाळली. पाकीट नाही, त्या म्हणाल्या. मोठ्या सरांकडे एक पुस्तक आहे. सहा वर्षं.

वर सगळे जमले. मोजणीबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि काय घडलं ते सरळ सांगितलं. काल दुपारपासून आपल्याला ठाऊक होतं आणि आपण एक रात्र गप्प बसलो, हेही. सरांनी पाकीट उचलून त्यावरची तारीख वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर पहाट फुटत होती, पण गृहस्थ सभ्य होते.

"पण नियमाप्रमाणे," ते म्हणाले, "आता कशालाही हात लावता येत नाही, बाई."

"सर."

"नाही, सही तुमचीही आहे म्हणून म्हटलं."

त्यांना हे एवढं मिळायलाच हवं होतं, म्हणून मोजणीबाईंनी ते निमूट घेतलं. मग त्यांनी लाख फोडली. आकडा आत गेला आणि यंत्र घरघरायला लागलं. त्या अकरा मिनिटांत कोणी चहाही घेतला नाही. मोजणीबाई पडद्याकडे न बघता खिडकीच्या पडद्याकडे बघत होत्या. त्यावरचा चहाचा डाग दोन धुण्यांतूनही गेला नव्हता, हे त्यांच्या चार वर्षांत प्रथमच लक्षात आलं.

रेघ उमटली. बाक गेला होता. मोजता आलं तिथवर विश्व सपाट होतं, टेबलावर पसरून वर पेपरवेट ठेवावा इतकं.

सर खुर्चीत मागे रेलले. वीस वर्षांचा पत्ता बरोबर निघाला होता.

"सर," मोजणीबाई म्हणाल्या, "एकदा सगळं परत तपासू या?"

"कशाला?"

शब्द तोंडातून गेला आणि सरांनाच तो ऐकू आला. खोलीत कोणी हसलं नाही, पण चहाच्या यंत्रापाशी कोणाला तरी खोकला आला. मग सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, सतरा शंकांचा, आणि टेबलावर उलगडून हाताने साफ केला.

"आरशावरच्या धुळीपासून सुरू करू," ते म्हणाले.

शुक्रवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. पाहुण्यांना कळवलं, वार्ताहरांनी आपणहून येणं टाळलं. सतराच्या सतरा शंका तपासायला तीन आठवडे लागले. थंडी त्या वर्षी खरंच जास्त होती, पण तिने विश्वाचं काही बिघडवलं नव्हतं. विश्व सपाटच राहिलं. सारांश मोजणीबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि त्यात 'पूर्वीप्रमाणेच' हा शब्द आला तो जरा बारीक अक्षरात, एवढंच. चहाच्या यंत्रावरच्या नियमाखाली मात्र त्यांनी नवी ओळ घातली: उघडण्याआधी पाकिटं मोजावीत. त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या. या वेळी सरांनी पहिली सही त्यांना करायला लावली.

काम हातावेगळं करून त्या घरी आल्या तेव्हा भिंतीवर पट मांडलेलाच होता. सपाट, त्यांनी अण्णांना लांबूनच सांगितलं. बरं झालं, अण्णा म्हणाले, सपाट मोजायला सोपं. मग ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. त्यांना चाल सुचत नाही असं शिंपीकाकांना वाटलं असावं, कारण ते गुणगुणायला लागले.

"अहो," प्यादं पुढे सरकवून अण्णा एकदम म्हणाले. "ही भिंत बरोबर आहे. तुमची वीतभरसुद्धा चूक नव्हती. माझी साखळी ताणलेली होती."

शिंपीकाकांनी पटावरून मान वर केली नाही.

"ठाऊक आहे. तुम्ही मोजलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तुम्ही कचेरीत गेल्यावर मीही मोजलं होतं."

"कशाने?"

"शिवणाच्या टेपने."

अण्णांच्या अंगातला मोजणीदार जागा झाला. मोजणीबाईंनी दारातूनच ओळखलं आता काय येणार ते.

"टेप तपासली होती?"

"तोवर त्याच टेपने तुमच्या विजारीचं माप घेत होतो," शिंपीकाका म्हणाले. "ताणलेली असती तर तुमची कंबर कमी भरली असती. कधी भरली का?"

आणि त्यांनी उंट पुढे सरकवून शह दिला.